अर्धे डॉक्टर कोंबड्या लपवतात

त्यांना सगळे अर्धे डॉक्टर म्हणत, आणि तेही तोंडावर. पदवीवाले पूर्ण डॉक्टर मोठ्या गावाहून आठवड्यातून एकदा यायचे, रजिस्टरवर सह्या ठोकायचे आणि दुपारची गाडी पकडायचे. बाकीचे सहा दिवस जनावरांचा दवाखाना अर्ध्या डॉक्टरांच्या जिवावर चालायचा. लस टोचायची, नमुने घ्यायचे, अडलेली गाय सोडवायची, कोंबडीच्या घशात अडकलेलं बटण काढायचं, सगळं त्यांच्याच गळ्यात. आता यातला अर्धा कोण आणि पूर्ण कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माणूस कामाला वाघ, पण खोटं बोलायला शेळी. खोटं तोंडातून निघालं रे निघालं की त्यांचे कान लालबुंद व्हायचे. एकदा एका आजीची लाडकी कोंबडी तपासून ते म्हणाले, "होईल हं बरी." आजीने कोंबडीकडे बघितलंच नाही. तिने कानांकडे बघितलं आणि आतून कुदळ घेऊन आली, पुरायला खड्डा नको का!

अशा माणसाला दोन देशांच्या सरकारांनी मिळून चोराचं काम दिलं, त्याची ही गोष्ट.

गावाच्या कडेने नदी होती, नदीवर पूल होता आणि पुलाच्या मधोमध सरहद्द होती. पुलाच्या अलीकडे दर आठवड्याला कोंबड्यांचा मोठा बाजार भरायचा. पलीकडची माणसं सायकलला पाट्या बांधून यायची, इकडची तिकडे जायची, आणि दोन्हीकडच्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर फडफडत दिवस काढायच्या. मग बर्ड फ्लू पुन्हा एकदा आला. रोगाला पूल ओलांडायला पाऊण तास लागला. "आमच्याकडे कोंबड्या मरताहेत, जपून राहा" हे सांगणारं सरकारी पत्र मात्र आधी आपल्या राजधानीला गेलं, तिथून त्यांच्या राजधानीला गेलं आणि तिथून पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचलं, तेव्हा अठरा दिवस उलटले होते. पत्र वाचणाऱ्याच्या दारात तोवर एक पीस उरलं नव्हतं. दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि बाजाराला कुलूप घातलं.

त्यालाही दोन वर्षं झाली. मधल्या काळात मोठ्या लोकांना शहाणपण सुचलं, उशिरा का होईना. दोन्हीकडच्या पशुखात्यांनी एकत्र बसायचं ठरवलं, तिसऱ्या देशातले जाणकार मदतीला आले. पत्राऐवजी थेट फोन आला, दोघांचं रजिस्टर एक झालं, नमुने एकाच प्रयोगशाळेत जाऊ लागले. आता बाजार उघडायचा तर एकच अट राहिली होती. दोन्ही बाजूंच्या पथकांनी मिळून एक रंगीत तालीम करून दाखवायची. एका घराच्या आवारात बारा कोंबड्या 'आजारी' म्हणून लपवायच्या, पायाला निळी पट्टी बांधून. पथकाने संध्याकाळी पाचच्या आत बाराच्या बारा शोधायच्या आणि एकही फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही. जमलं तर पुढच्या आठवड्यात बाजार. एक जरी बाहेर गेली, तर पुन्हा तालीम वर्षभराने.

कोंबड्या धडधाकट होत्या, मरणार कोणीच नव्हतं. फक्त त्या लपवायला मालक हवा होता, चांगला मुरलेला लबाड मालक.

"अर्धे डॉक्टर!" पशुखात्याचे साहेब म्हणाले. "एकतीस वर्षं लोकांनी तुमच्यापासून कोंबड्या लपवल्या. त्यातली मेख तुमच्याइतकी कोणाला ठाऊक?"

सगळं ऑफिस खो खो हसलं. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की साहेब गंभीर आहेत.

घरी ही बातमी सांगितली तर बायको पोट धरून खालीच बसली. "तुम्ही? अहो, मागच्या महिन्यात कपबशी फोडलीत आणि मांजरावर ढकललीत, तर मांजरसुद्धा तुमच्या कानांकडे बघत होतं!" मग तालीम आपल्याच घरात होणार, परके लोक माळ्यावर चढणार, हे कळलं आणि तिचं हसू पळालं. पुढचे तीन दिवस ती माळा झाडत होती.

हसली नाही ती ताई. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, शेजारच्या गावची. बावीस वर्षं तिने पुलाच्या बाजारात कोंबड्या विकल्या होत्या. कोंबडी नुसती हातात धरून ती वय सांगायची, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून भाव. बाजार बंद झाल्यापासून ती एका दुकानासाठी पोती शिवत होती, आणि शिवता शिवता सुईशी भांडत होती.

"धाकट्या," ती म्हणाली, "जरा बेताने लपव हं. पलंगाखाली दोन, पाटीखाली दोन. त्यांना सापडल्या पाहिजेत बाबा. अजून एक वर्ष पोती शिवली तर मीच पोतं होईन."

"ताई, ते सरकारी काम आहे."

"आणि मी कोण, बिनसरकारी? सख्खी बहीण आहे!"

डॉक्टर तडक उठून बाहेर गेले. थांबले असते तर कान बोलले असते. कारण त्यांच्या पोटात एकोणीस वर्षांपासून एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी रोगाची पहिली साथ आली तेव्हा ते दवाखान्याची जीप घेऊन दारोदार फिरत होते. कोंबड्या मोजायच्या, आजारी सापडल्या तर सगळ्या मारून पुरायच्या, असं ते दुष्ट काम. एका घरात एका बाईने आपल्या दोन आवडत्या कोंबड्या पोत्यात घातल्या आणि डॉक्टरांच्याच जीपमध्ये, मागच्या सीटखाली सरकवून दिल्या. सगळं गाव धुंडाळतील, पण डॉक्टरांची गाडी कोण बघणार? परतताना काढून घेऊ, असा तिचा हिशेब. पण डॉक्टर त्या वाटेने परतलेच नाहीत. ते ताईच्या गावी गेले, तिच्या अंगणात जीप लावली आणि पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा पोतं सापडलं. तोवर ताईच्या खुराड्यात कोंबड्या माना टाकू लागल्या होत्या. तिच्या चाळीस गेल्या, मग आजूबाजूच्या चार गावांतल्या गेल्या. ज्याने रोग हुडकायचा त्यानेच तो गाडीत घालून बहिणीच्या दारी नेला होता. डॉक्टरांनी पोतं पुरलं आणि तोंड शिवलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, लपवायच्या तर खऱ्याखुऱ्या लपवायच्या. आज आपण दया दाखवली आणि उद्या खऱ्या साथीत पथक फसलं, तर पुन्हा कुणाच्या तरी बहिणीच्या अंगणात जीप उभी राहील. ठरवलं खरं, पण ताईची पोती काही डोळ्यांसमोरून हलेनात.

तालमीच्या दिवशी सकाळी सातला फाटकातून आत येऊन अंगणात दोन गाड्या लागल्या. इकडच्या जीपमधून साहेब आणि मंडळी उतरली. पलीकडच्या बंद व्हॅनमधून त्यांचे अधिकारी उतरले, आणि चालकाच्या जागेवरून एक भरभक्कम बाई. ही त्यांच्याकडची अर्धी डॉक्टर. गाडीही तीच चालवायची, लसही तीच टोचायची आणि जंतुनाशकाची फवारणीही तीच करायची, म्हणून तिला सगळे फवारणीबाई म्हणत. तिसऱ्या देशातले परीक्षक इतके उंच होते की ओसरीवर येताना त्यांना वाकावं लागलं. सोबत त्यांचा दुभाष्या होता. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळायचं, एकट्या परीक्षकांना कोणाचंच कळत नव्हतं.

कोंबड्या कुठे लपवणार हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी लिहून, पाकीट बंद करून परीक्षकांना दिलं होतं. नऊ कोंबड्या घरात. उरलेल्या तीन त्यांनी धुण्याच्या टोपलीत ठेवल्या, वर ओलं कापड टाकलं. पथकातली माणसं अंगणात एकमेकांच्या पांढऱ्या सूटच्या चेन ओढत होती, कोणाची अडकत होती, कोणाचं पोट आड येत होतं. तेवढ्यात डॉक्टर टोपली घेऊन वाळत घालायच्या दोरीकडे म्हणून निघाले आणि पलीकडच्या व्हॅनच्या मागून परतले. तीन कोंबड्या व्हॅनमधल्या रिकाम्या पिंजऱ्यात गेल्या, वर घोंगडी पडली. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते, हे काय त्यांना शिकवायला हवं?

मग त्यांनी कानटोपी चढवली. उन्हाने अंगण तापलं होतं आणि हा गृहस्थ लोकरीची कानटोपी घालून दारात उभा! परीक्षकांनी विचारलं, हा इथला संरक्षक पोशाख आहे का? दुभाष्याने बराच वेळ घेतला आणि "हो" एवढंच सांगितलं.

"कोंबड्या किती?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"कोंबड्या? साहेब, आम्ही तर कधी पाळल्याच नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या खांद्यावर एक पांढरं पीस होतं.

"टोपी काढा!"

"घरमालकाच्या कपड्यांना हात लावता येणार नाही," परीक्षकांनी नियम दाखवला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

शोध सुरू झाला. पहिली कोंबडी सापडली वॉशिंग मशीनमध्ये, दुसरी शिलाई मशीनच्या झाकणाखाली. दोन गाद्यांच्या चळतीमागे, एक उलट्या टबाखाली. माळ्यावरच्या ट्रंकेतून दोन निघाल्या, तेव्हा पलीकडचे अधिकारी "माळा काय स्वच्छ आहे हो!" म्हणाले आणि डॉक्टरांच्या बायकोच्या तीन दिवसांचं चीज झालं. लाकडाच्या ढिगातली सापडायला तास गेला. न्हाणीघरातल्या एकीने स्वतःच आवाज दिला. साडेतीन वाजले आणि गाडी नऊवर अडली.

मग भांडण जुंपलं. इकडचे म्हणाले, तुमच्या माणसांनी न्हाणीघर नीट बघितलं नाही. तिकडचे म्हणाले, तुमच्या माणसांनी अर्धा दिवस चहा प्यायला. चहा ताईच देत होती. ती दर फेरीला डॉक्टरांच्या जवळून जायची आणि दातओठ खात पुटपुटायची, "सांगितलं होतं ना, बेताने!"

शेवटी साहेबांनी ठरवलं, सकाळी एक सायकलवाला इथून शेजारच्या गावाकडे गेला म्हणतात, त्याने कोंबड्या लपवताना बघितल्या असतील. गाडी पाठवा. जीपचं चाक पंक्चर होतं, म्हणून व्हॅन निघाली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. व्हॅन फाटकाबाहेर गेली की खेळ खलास. वर्षभर बाजार नाही, आणि ताईच्या हातात सुई. एक शब्द बोलले असते तर गाडी थांबली असती, पण तो शब्द त्यांनी बोलायचा नाही हाच नियम होता. समोर ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्या मागून व्हॅन सरकत होती. जन्मात एवढा वेळ कोणी कानटोपी घालून घामाघूम झालं नसेल.

फाटकाशी व्हॅन थांबली. फवारणीबाई उतरली, तिने चाकांवर जंतुनाशक फवारलं. मग मागचं दार उघडलं आणि एकेक वस्तू खाली काढू लागली. पिंपं, सूटची खोकी, जादा चाक, दोरखंड.

"अहो बाई, वेळ चाललाय!" साहेब ओरडले. "गाडी तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे म्हणून तर बघतेय," ती म्हणाली आणि तिने घोंगडी उचलली. तिन्ही कोंबड्यांनी माना वर करून तिच्याकडे बघितलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ताई किंचाळली आणि ट्रे घेऊनच नाचली. दोन पेले गेले, पण कोणाला पर्वा नव्हती. दोन्हीकडचे साहेब एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पण परीक्षकांनी शिक्का काढला नाही. सगळ्यांना ओसरीवर बसवून त्यांनी फवारणीबाईला विचारलं, "तुमच्या देशात निघताना स्वतःची गाडी तपासायचा नियम आहे?"

"नाही."

"यांच्या देशात?"

"आमच्यातही नाही," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही का तपासलीत?"

बाईने हातमोजे काढले, पुन्हा घातले. समोर तिचे सगळे वरिष्ठ बसले होते. "सवय," ती म्हणाली.

दुभाष्याने परीक्षकांचं उत्तर सांगितलं, आणि सांगताना त्याचाही आवाज उतरला. "ते म्हणतात, एका माणसाच्या सवयीवर दोन देशांचा बाजार उघडता येत नाही. उद्या बाई रजेवर गेल्या तर? कारण कळलं तर नियम करता येईल. नाही कळलं, तर हा नुसता योगायोग. योगायोगाला पास करता येत नाही."

बाई मान खाली घालून बसली. डॉक्टर तिच्याकडे बघत होते. ती मान त्यांच्या ओळखीची होती, एकोणीस वर्षं रोज आरशात दिसलेली. दारात ताई उभी होती, हातात किटली. आता बोलावं तर ताई ऐकणार. न बोलावं तर ताईचा बाजार जाणार.

अर्ध्या डॉक्टरांनी कानटोपी काढली आणि ते उभे राहिले.

"सवय कशी लागते ते मी सांगतो," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं. पोतं, जीप, मागची सीट, ताईचं अंगण, पोटभर जेवण. काहीही गाळलं नाही. तिसऱ्या दिवशीचा वासही सांगितला. सगळे कानांकडे बघत होते, पण कान जसेच्या तसे होते.

"माझ्या गाडीत बदकं होती," फवारणीबाई अचानक म्हणाली. "अकरा वर्षं झाली. घोंगडीखालीच होती. मीच नेली दुसऱ्या गावात." मग ती डॉक्टरांकडे बघून एवढी मोठ्याने हसली की परीक्षक दचकले. "मला वाटायचं, एवढी मूर्ख जगात मी एकटीच!"

"आपली गाडी आपल्याला दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "आपलं गाव, आपलं घर, आपली गाडी. डोळ्यांना सवय होते. म्हणून यांची गाडी आम्ही तपासावी आणि आमची यांनी. दर वेळी. मग कोणी रजेवर असो."

परीक्षकांनी ते दुभाष्याकडून दोनदा ऐकलं. मग वहीत लिहिलं, दोन्ही साहेबांच्या सह्या घेतल्या आणि शिक्का मारला. ओसरीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी तीन कोंबड्यांनाही व्हॅनमधून आणून सत्कारासारखं मधोमध ठेवलं.

डॉक्टरांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते दाराकडे बघत होते. ताईने किटली खाली ठेवली होती.

"किती होत्या रे?" तिने विचारलं.

"काय?"

"तुझ्या जीपमध्ये. कोंबड्या किती होत्या?"

"दोन."

"दोन!" ताई म्हणाली. "दोन कोंबड्यांपायी माझ्या चाळीस!" ती पुढे आली आणि डॉक्टरांनी मान वाकवली, थोबाडीत बसली तर बसू दे म्हणून. पण ताई भलत्याच गोष्टीकडे बघत होती, खूप मागे कुठेतरी. "धाकट्या, त्या आठवड्यात माझं एक दिवस खुराडं धुवायचं राहून गेलं होतं. अंगात कणकण होती म्हणून. एकच दिवस. तेवढ्यानेच रोग शिरला, असं मी धरून चालले. चार गावांच्या बायका माझ्या दारावरून रडत गेल्या, आणि मला वाटायचं हे सगळं माझ्या आळसाने झालं. एकोणीस वर्षं मी कोणाला बोलले नाही."

आपण आपलीच लाज झाकून बसलो आणि तिच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं, हे डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "ताई," ते कसेबसे म्हणाले, "तुझं काहीच चुकलं नव्हतं गं."

"नव्हतं ना?" ताई म्हणाली. "पुन्हा म्हण."

"तुझं काहीच चुकलं नव्हतं."

ताईने त्यांचा कान धरला, चांगला पिळला, आणि मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. पदर तोंडाला लावला तरी तिचं हसू थांबेना. दुभाष्या डोळे पुसत होता आणि परीक्षक त्याला हलवून विचारत होते, काय झालं, काय म्हणाल्या त्या?

पुढच्या आठवड्यात पुलाच्या टोकाला बाजार भरला. इकडच्या गाड्या तिकडची माणसं उघडून बघत होती, तिकडच्या इकडची. रांग लांबली, लोक कुरकुरले, आणि आत जाताच कुरकुर विसरले. ताई आपल्या जुन्या जागेवर बसली होती, समोर पिंजऱ्यात चाळीस कोंबड्या. दोन्ही देशांची गिऱ्हाइकं थांबत होती आणि ताई प्रत्येकाला भाव सांगण्याआधी ती गोष्ट सांगत होती.

"त्या पहिल्या साथीत माझं काही चुकलं नव्हतं बरं का! खुराडं माझं लख्ख होतं. हा माझा भाऊ, याने आणला रोग, जीपमध्ये घालून!"

आणि भाऊ शेजारी उभा होता, पिंजऱ्याचं दार धरून. तिने गोष्टीतलं काही गाळलं, तर तो मधेच आठवण करून देत होता.